पॉल क्लेचं चित्र सिरॅमिकच्या उठावात : कामाच्या नोंदी

२ जून

चित्रकार पॉल क्लेचं 'हमरस्ता आणि आडवाटा' (१९२९) हे चित्र मूळ मापात, उठाव देऊन सिरॅमिकमध्ये करायला घेतलं आहे. जागा पक्की आहे : साताऱ्याला आत्याच्या घरातली जिन्याची भिंत. उजेड वरच्या काचेच्या छपरातून, जवळजवळ भिंतीला घासून खाली येतो. मूळ तैलचित्र ८३.७ × ६७.५ सेंमीचं, जर्मनीत कोलोनच्या लुडविग संग्रहालयात आहे. माझ्याकडे त्याची एक चांगली छापील प्रत आहे, रंगांसाठी तीच प्रमाण धरणार. वेगवेगळ्या छपाईत यातला गुलाबी आणि फिरोजी इतका बदलतो की दोन प्रती समोर ठेवल्या तर काम कधीच संपणार नाही.

क्लेकडे मी चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या वाटेनं आले. त्यांच्या सुरुवातीच्या कामावर क्लेचा ठसा स्पष्ट दिसतो. गायतोंड्यांचं चित्र मातीत करायची इच्छा जुनीच आहे, पण ते २००१ साली गेले आणि आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. क्ले १९४० साली गेला, त्यामुळे तो प्रश्न नाही. असं काम करायला घेणाऱ्यांनी हे आधी बघून घ्यावं.

चित्राबद्दल कामापुरतं : क्ले १९२८च्या डिसेंबरात इजिप्तला गेला होता, परत आल्यावर हे चित्र झालं. मधोमध आडव्या पट्ट्यांचा एक रस्ता खालून वर निमुळता होत जातो. दोन्ही बाजूंना तिरक्या-वाकड्या पट्ट्या आहेत; एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. वर निळे, लांब आडवे पट्टे. आत्याला प्रत दाखवली तर ती म्हणाली, "हे तर भावाभावांत वाटण्या होत गेलेलं शेत आहे गं." मला हे मातीत करावंसं वाटलं त्याचं कारण नेमकं तेच. रेषा काढल्यासारख्या नाहीत, कोरल्यासारख्या आहेत, बांधांसारख्या. हे चित्र मुळातच उठावाच्या दारात उभं आहे.

५ जून

मातीची आटणी मोजली. पट्टीवर ओल्या मातीत १० सेंमीची खूण केली होती, १२२० अंशांना भाजून ती ८.९ सेंमी झाली. म्हणजे आटणी ११ टक्के. इथे हिशेब चुकण्याची जागा आहे : मूळ मापाला १.११ ने गुणायचं नाही, ०.८९ ने भागायचं. गुणलं तर उंची ९२.९ सेंमी येते आणि भाजल्यावर जवळपास एक सेंमी कमी भरते. भागून ९४ × ७५.८ सेंमी आली, त्या मापात आराखडा मोठा करून घेतला.

भट्टीच्या आतली जागा ४५ सेंमी, म्हणून चित्र तोडावं लागणार. सांधे चित्रातल्याच रेषांवरून न्यायचे, ही एकच अट ठेवली. चाळीसच्या आसपास तुकडे होतील. प्रत्येक पट्टी सुटी केली तर शेकडो होतील आणि भाजून त्या एकमेकींशी जुळणार नाहीत.

अडचण फक्त वरच्या निळ्यात आहे. ते पट्टे चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातात, त्यांना उभी रेषाच नाही. तिथे सांधा द्यायचा तर तो चित्राबाहेरचा. तूर्तास खालच्या आडवाटांच्या रेषा वर वाढवून, प्रत्येक पट्ट्यात वेगळ्या जागी तोडायचं ठरवलं आहे. समाधान झालेलं नाही.

९ जून

पुठ्ठ्याचं प्रारूप. पहिला विचार सरळ होता : रंग जितका उजळ, तितकी पट्टी उंच. पुठ्ठ्याचे थर चिकटवून ४ ते १६ मिमी उंची दिली, टेबलावरच्या दिव्यात छान दिसलं. साताऱ्याला नेऊन भिंतीला टेकवलं आणि चित्र नाहीसं झालं. उंच पिवळ्या पट्ट्यांची सावली शेजारच्या फिक्या निळ्यावर अशी पडली की निळा राखाडी दिसायला लागला. अरुंद पट्ट्या तर पूर्ण अंधारात गेल्या.

मग भिंतीत २ सेंमी बाहेर येणारी एक खुंटी ठोकली आणि दिवसभर तिच्या सावलीची लांबी मांडत गेले. दुपारी ती ४ सेंमीच्या पुढे जाते. म्हणजे या भिंतीवर सावली उंचीच्या दुपटीहून लांब. ८ मिमी रुंद पट्टीशेजारची पट्टी ४ मिमीनं जरी उंच झाली तरी ती अख्खी झाकली जाते. उठावाचं काम करणाऱ्या प्रत्येकानं माती विकत घेण्याआधी ही खुंटी ठोकावी. स्टुडिओतला दिवा इथे उपयोगाचा नाही.

चित्रात रंग स्वतःचा उजेड घेऊन येतो. उठावात रंगाला आधी सावलीतून सुटावं लागतं. म्हणून उंचीचा तक्ता रंगावरून करायचा नाही, उजेडाच्या दिशेवरून करायचा, आणि तो झाल्यावरच ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा रंगाचा थर) ठरवायचं.

१२ जून

तोड सापडली : पायरी देण्याऐवजी पट्टीचा पृष्ठभाग तिरका करायचा. पट्टीची खालची कड बाहेर आणि वरची आत ठेवली, तर ती वरचा उजेड अंगावर घेते आणि खाली एक बारीक काळी रेघ टाकते. उलट केलं, वरची कड बाहेर काढली, तर तीच पट्टी मंद होते. रंग तोच, उंचीही तीच, फक्त कल बदलला की छटा बदलते. त्यामुळे ५ मिमीत जे मिळतं ते आधी १६ मिमीत मिळत नव्हतं.

नियम असे लिहून ठेवले : हमरस्त्याच्या सगळ्या पट्ट्यांची खालची कड ५ मिमी बाहेर. आडवाटांत उजळ रंग वरच्या उजेडाकडे, गडद रंग त्याच्याकडे पाठ करून. एक सेंमीपेक्षा अरुंद असेल ती पट्टी सपाट, शेजारणीपेक्षा जास्तीत जास्त २ मिमीचा फरक. निळे पट्टे सपाटच. तिथे डोळ्याला थांबायला जागा हवी.

१८ जून

माती स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची), २५ टक्के ग्रॉग (भाजलेल्या मातीचा भरडा) घातलेली. ग्रॉग जास्त घेतलं की कोरताना कड खरबरीत येते, पण मोठा तुकडा वाकायला नको असेल तर दुसरा उपाय नाही.

पहिल्या खेपेला १२ मिमीची लाटी करून तिच्यावर पट्ट्या स्लिपनं (मातीच्या पातळ रबडीनं) चिकटवल्या होत्या. सुकताना पट्ट्यांची टोकं सुटली. लाटी लेदर हार्ड (अर्धवट सुकून चामड्यासारखी घट्ट) झालेली आणि पट्ट्या नुकत्या कापलेल्या, ओल्या. त्या जास्त आटल्या आणि उचलल्या गेल्या. शिवाय पाऊस अजून नीट लागलेला नाही, खोलीत पंखा चालू राहिला, तुकड्यांचे कोपरे ५ मिमीपर्यंत वर आले. सगळं भिजत घालून माती परत मळायला लागली. तोवरचं सगळं काम त्यात गेलं.

आता पद्धत उलटी : २२ मिमीची जाड लाटी करायची आणि वरून कोरून खाली जायचं. चिकटवायचं काहीच नाही. लाटताना दर दोन फेऱ्यांनी लाटी फिरवायची आणि उलटायची. एकाच दिशेनं लाटलेली माती भट्टीत गेल्यावर त्या दिशेला ओढ घेते. उचलताना हातानं उचलायची नाही, दोन जिप्सम बोर्डांच्या मध्ये धरून उलटायची. एकदा दुमडलेली माती सरळ केली तरी भाजताना पुन्हा तिथेच वळते.

२७ जून

कोरण्याचं काम चालू आहे. पाऊस लागला आणि ते फार बरं झालं. हवा दमट असल्यानं तुकडे हळू सुकतात, सगळीकडून सारखे. रात्री वरून प्लास्टिक, कोपऱ्यांवर वाळू भरलेल्या कापडी पुरचुंड्या. उठाव असल्यामुळे वरून बोर्ड दाबता येत नाही, पुरचुंडी मात्र कुठेही नीट बसते. कोपरे आता जागचे हलत नाहीत.

हमरस्त्याचा खालचा तुकडा आज पूर्ण झाला. त्याची एक पट्टी इथे सविस्तर लिहिते, कारण सगळं काम याच क्रमानं चाललं आहे. लेदर हार्ड लाटीवर आराखडा ठेवून बोथट सुईनं रेघा उमटवल्या. मग पट्टीच्या वरच्या कडेवर सुरी सरळ उभी धरून ५ मिमी खोल चिरलं. तिथपासून खालच्या कडेपर्यंत तारेच्या कोरणीनं माती काढत गेले, म्हणजे वर खोल आणि खाली लाटीच्या मूळ उंचीला. कोरणी ओढताना ग्रॉगचे कण निघतात आणि मागे ओरखडे राहतात. ते ओल्या बोटानं पुसले की ग्रॉग आणखी वर येतं. स्टीलच्या पातळ पत्र्यानं, माती जरा आवळल्यावर, एकाच दिशेनं घासलं तर ते खाली दबतात. खालची कड तीक्ष्ण ठेवायची नाही, नखाइतकी गोल करायची. धारदार कडेवर ग्लेझ टिकत नाही.

मग तुकडा उलटा करून मागून जाड भाग पोकळ केले, सगळीकडे निदान १० मिमी जाडी राहील असे. मागे जाळीसारख्या खाचा, चिकटवण पकडायला. बाजूच्या कडा आतल्या बाजूला किंचित तिरक्या तासल्या, म्हणजे सांधे पुढून नीट जुळतील.

४ जुलै

फिके रंग सरळ या पिवळट-तपकिरी मातीवर मळके दिसतात. चाचणीच्या फरशीवर गुलाबी असा आला की वीटच वाटावी. म्हणून पांढरं एन्गोब, म्हणजे मातीचा पातळ लेप, केलं (चिनी माती, बॉल क्ले, फेल्डस्पार, क्वार्ट्झ आणि झिर्कॉन) आणि लेदर हार्ड तुकड्यांवर ब्रशनं तीन हात दिले. ते आवळल्यावर रेषा त्यातून पुन्हा कोरून काढल्या. खालची माती उघडी पडून तपकिरी रेघ दिसते. मूळ चित्रातल्या रेषेच्या इतक्या जवळ दुसरी कुठलीच युक्ती गेली नसती. मला हा या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग वाटला.

जे तुकडे आधीच हाडासारखे कोरडे झाले होते त्यांच्यावर हेच एन्गोब पापुद्र्यांनी सुटलं. ते बिस्क (ग्लेझआधीची पहिली भाजणी) झाल्यावर लावणार, त्यातली निम्मी चिनी माती आधी भाजून घेऊन. भाजलेली माती आटत नाही, त्यामुळे धरून राहते.

१५ जुलै

बिस्क. एक तुकडा फुटला आणि त्याचे टवके शेजारच्या दोघांना लागले. फुटलेला होता हमरस्त्याचा, सगळ्यात जाड. पावसाळ्यात माती कोरडी दिसते, असत नाही. गालाला लावून गार लागली तर आत पाणी आहे, ही जुनी खूण आहे, पण जाड तुकड्यात ती पुरत नाही.

आता क्रम असा : रात्रभर ९० अंशांवर, झाकण बोटभर उघडं. भट्टीच्या भोकासमोर आरसा धरायचा. त्यावर वाफ जमायची थांबेपर्यंत पुढे जायचं नाही. तिथून ६०० अंशांपर्यंत ताशी ६० च्या चालीनं, कारण ५७३ अंशांना क्वार्ट्झचं रूप बदलतं आणि तो फुगतो. मग १००० पर्यंत नेहमीसारखं. या पद्धतीनं पुढची एकही खेप बिघडली नाही. मध्ये एकदा वीज गेली होती, पण बिस्कमध्ये त्यानं काही अडत नाही. फुटलेला तुकडा त्याच मातीत, त्याच मापात नव्यानं करायला घेतला.

२८ जुलै

ग्लेझ. चकचकीत ग्लेझ बाद. वरची काच त्यात प्रतिबिंबित होते आणि उठाव दिसेनासा होतो. मॅट हवं. हाताशी एक चांगलं मॅट बेस होतं, त्यात ६ ते ८ टक्के स्टेन (ग्लेझमध्ये घालायची तयार रंगाची पूड) घालून चाचण्या घेतल्या. निळे, पिवळा, फिरोजी नीट आले. गुलाबी मात्र दर वेळी चहाच्या डागासारखा.

कारण बेसमध्ये होतं. गुलाबी स्टेन क्रोम-टिनचा असतो आणि बेसमध्ये झिंक ऑक्साइड असेल तर क्रोम तपकिरीकडे जातं. मॅग्नेशियाही त्याला मानवत नाही. त्याला कॅल्शियम भरपूर लागतं. म्हणून बेसच बदललं : फेल्डस्पार, व्हाइटिंग, चिनी माती, क्वार्ट्झ, थोडं बोरॉन फ्रिट, झिंक अजिबात नाही. गुलाबी लगेच उमलला. मग सगळे रंग याच बेसवर आणले, म्हणजे सगळ्या चित्राचा पोत एकसारखा राहील. पांढरेपणासाठी टिन ऑक्साइड टाळून झिर्कॉन घेतलं. भट्टीत हिरव्यातल्या क्रोमची वाफ टिनच्या पांढऱ्यावर बसली की तो गुलाबीसर होतो, आणि इथे हिरवा नि पांढरा एकाच फळीवर जाणार आहेत.

निळ्या पट्ट्यांसाठी स्टेन न घेता कोबाल्ट कार्बोनेट अर्धा टक्का आणि सोबत रुटाइल. नुसता कोबाल्ट फार कडक बोलतो, रुटाइलनं तो नरमतो.

चाचणीची फरशी नेहमी उठाव असलेलीच घ्यावी. सपाट फरशीवर जो रंग छान वाटला तो तिरक्या पट्टीच्या कडेवर पातळ होऊन फिका पडतो आणि खोलगट बाजूला साचून गडद. हमरस्त्यावर हे मला हवंच होतं. अरुंद पट्ट्यांवर नको होतं, तिथे ग्लेझ पातळ करून दोन हात दिले.

१९ ऑगस्ट

ग्लेझच्या खेपा. एकाच पातेल्यातला पिवळा दोन भाजण्यांत दोन तऱ्हेचा आला : एक मऊ, एक चमकदार. १२२० दोन्हीकडे गाठलं होतं. फरक थंड होण्यात होता. पहिल्या वेळी भट्टी अर्धी रिकामी, लवकर निवली; मॅटपणा देणारे बारीक स्फटिक वाढायला वेळच मिळाला नाही. आता उतरतानाही चाल ठरवली : ११०० पासून ८५० पर्यंत ताशी ६० अंश. चमकदार आलेले तुकडे याच चालीनं पुन्हा भाजले, बहुतेक सुधारले. दोन थोडे चमकतात अजून, ते खाली उजव्या कोपऱ्यात आहेत, तसेच ठेवणार.

यातून एक सवय लावून घेतली आहे, ती सांगते : भट्टीत जागा वाचवायला तुकडे कसेही रचू नयेत. चित्रात जे शेजारी ते भट्टीतही एकाच खेपेत, एकाच फळीवर. सांध्यापाशी रंग बदललेला डोळ्याला लगेच दिसतो, चार तुकडे सोडून पलीकडे बदललेला दिसत नाही.

६ सप्टेंबर

सगळे तुकडे जमिनीवर वाळूत मांडून पाहिले. उंची थोडी कमी भरली, ८३.१. वरच्या फळीवर भाजलेले तुकडे जास्त आटले आहेत. भट्टी वर जास्त तापते. निळ्याखालचे सांधे २ ऐवजी ३ मिमी धरून ती तूट भरून निघाली. दोन कडा हिऱ्याच्या चकतीनं, पाणी सोडत घासाव्या लागल्या.

सगळ्याचं वजन साधारण १८ किलो. गवंडीकाकांचं म्हणणं होतं, "ताई, सरळ भिंतीलाच सिमेंटात बसवू, शंभर वर्षं हलणार नाही." मला नेमकं तेच नको होतं. घर रंगवायचं झालं, भिंतीला ओल आली, तर काढता यायला हवं. प्लायवूड दमट हवेत हलतं म्हणून तेही नको. शेवटी अॅल्युमिनियमच्या चौकटीवर १२ मिमीचा सिमेंट फायबर बोर्ड. सुतारानं ४५ अंशांत चिरलेल्या दोन पट्ट्या करून दिल्या, एक भिंतीला आणि एक चौकटीला. वरची खालचीत अडकते.

तुकडे बोर्डावर पीयू (पॉलियुरेथेन) चिकटवणीनं. टाइल अॅडहेसिव्हचा थर एकसारखा लागतो आणि माझ्या तुकड्यांच्या पाठी एक-दोन मिमीनं वरखाली आहेत. पीयूच्या वळ्या टाकून तुकडा पुढून पातळीत दाबता येतो. एक जास्तीचा तुकडा जुलैपासून उन्हापावसात उभा चिकटवून ठेवला आहे, हललेला नाही.

सांधे भरायचे की नाही यावर बराच वेळ गेला. नमुन्यावर करड्या ग्राउटनं भरून पाहिलं, आणि एका क्षणात चित्राची न्हाणीघरातली भिंत झाली. काढून टाकलं. बोर्डच आधी गडद तपकिरी रंगवला आणि सांधे उघडे ठेवले. आता सांध्याची रेघ आणि एन्गोबमधून कोरलेली रेघ सहज वेगळी ओळखू येत नाही.

२० सप्टेंबर

खर्च : माती वाया गेलेली धरून सुमारे १,८०० रुपये, स्टेन आणि कोबाल्ट ३,५०० च्या आसपास (सगळ्यात जास्त गुलाबी आणि कोबाल्टला गेले), बोर्ड, चौकट आणि सुतारकाम ५,५००, पीयू १,२००. विजेला सगळ्या भाजण्या मिळून साधारण ५,०००. ९ किलोवॉटच्या भट्टीला एका ग्लेझ भाजणीत ६५ ते ७० युनिट जातात. हळू उतरवल्यानं त्यात भर पडते, पण तिथे काटकसर करू नये.

४ ऑक्टोबर

साताऱ्याला टांगलं. दुपारच्या उजेडात हमरस्ता खालून वर पायरी-पायरीनं जातो, आडवाटा कलानुसार उजळ-मंद होतात. निळ्यातले उभे सांधे जिन्यावरून जाताना दिसत नाहीत, दोन पावलं जवळ गेलं की दिसतात. ते मला अजून खटकतात. पुढच्या वेळी हे पट्टे लांब भट्टी असलेल्या कुणाकडे तरी भाजून घेईन, पण सलगच करीन.

रात्री वेगळाच प्रश्न निघाला. जिन्यातला बल्ब चित्राच्या बरोबर समोर आहे. तो लागला की उठाव सपाट होतो. चित्राच्या वर, भिंतीपासून १२ सेंमी पुढे, खाली तोंड केलेली एलईडी पट्टी बसवली. ८ सेंमीवर सावल्या फार लांब पडत होत्या, २० वर फार आखूड. प्रकाश पिवळसर घेतला तर फिरोजी हिरवा दिसतो, म्हणून ४००० केल्विनची पट्टी लावली आहे.